हौदातला किडा : मित्र की वैरी?

"पाण्यात किडे झालेत!" एवढे तीन शब्द कानावर पडले की घरात एकच धांदल उडते. कुणी हौद उपसायला धावतं, कुणी ब्लीचिंग पावडरचा डबा शोधतं, कुणी मुलांच्या हातातला पेला हिसकावून घेतं. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो किडा मात्र नक्की कोणता, हे वाकून बघायला कुणालाच सवड नसते.

मैत्रिणींनो, आज तुम्हाला विनंती आहे ती एवढीच, की पुढच्या वेळी आधी वाकून बघा. कारण पाण्यात वळवळणारा प्रत्येक जीव आपला वैरी नसतो. काही निरुपद्रवी असतात, काही चक्क आपली चाकरी करतात, आणि एखाद-दुसरा खराखुरा घातकी असतो. त्या घातक्याला ओळखता आलं नाही, तर आपण नको त्याच्यावर औषध ओततो आणि हवा तो सुटून जातो.

आमची दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं, अगदी सीमेवरचं गाव. बाजारपेठ तुरीची आणि बोली अर्धी मराठी, अर्धी कानडी. इथं शेजारीण हाक मारते, "अक्कारी, नीरन्याग हुळ बिद्दाव री!" म्हणजे पाण्यात किडे पडलेत हो! कानडीतला हा 'हुळ' शब्द मोठा सोयीचा. पाण्यातली अळी हुळ, डाळीतली अळीही हुळ, आणि गांडूळ म्हणजे 'एरेहुळ'. मराठीत आपण अळी, किडा, कृमी, जंत असे वेगवेगळे शब्द बाळगून आहोत खरे, पण घाबरलो की आपणही सगळ्यांना एकाच सुपात घालून पाखडतो.

तेव्हा पहिला धडा हाच. अळी आणि कृमी यांत फरक आहे. अळी म्हणजे कुठल्या तरी उडणाऱ्या कीटकाचं बाळ. तिला डोकं असतं, आणि काही दिवसांनी ती पंख फुटून उडून जाते. डास, माश्या, पाकोळ्या या सगळ्यांचं बालपण असंच जातं. कृमी मात्र जन्मभर कृमीच राहतो. गांडूळ, जळू, पोटातले जंत हे कृमी. त्यांना ना पाय, ना पंख. हौदात, पिंपात, टाकीत जे दिसतं ते बहुतेक वेळा अळी असतं. आणि म्हणूनच "हे पाणी पोटात गेलं तर पोटात जंत होतील" ही जी आपली ठाम समजूत आहे, ती बरोबर नाही. डासाची अळी चुकून गिळली गेली तरी ती पोटात वाढत नाही. जंतांची वाट निराळी आहे, ती पुढे सांगतेच.

पहिला पाहुणा : वळवळे

साठवलेल्या पाण्यात सर्वांत जास्त आढळतात त्या डासांच्या अळ्या. आपण त्यांना 'वळवळे' म्हणतो. रंग करडा किंवा मातकट, लांबी फार तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर. ओळखायची खूण म्हणजे त्यांची जागा आणि चाल. त्या पृष्ठभागाशी लटकलेल्या असतात आणि पाण्यावर तुमची सावली पडली, की झटके देत खाली पळतात. थोड्या वेळाने पुन्हा वर येतात, कारण त्यांना श्वास हवेतूनच घ्यावा लागतो.

यातही जाती ओळखता येतात. एका पांढऱ्या वाटीत थोडं पाणी घ्या आणि दोन मिनिटं हलवू नका. अळी पाण्याला समांतर, आडवी पहुडलेली दिसली तर ती हिवतापाच्या डासाची, म्हणजे ॲनॉफिलीसची. डोकं खाली आणि शेपटीकडची श्वासनळी वर अशी तिरपी लटकली असेल, तर ती क्युलेक्सची किंवा एडिसची. क्युलेक्सची नळी लांब, सडपातळ. त्याला गटाराचं घाण पाणी आवडतं. एडिसची नळी आखूड, आणि त्याला आवडतं ते आपलं घरातलं स्वच्छ पाणी! डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा डास तो हाच.

अळ्यांबरोबर स्वल्पविरामाच्या आकाराचे काही जीव दिसले, तर मात्र घाई करा. ते डासाचे कोष. कोष काही खात नाही, पण एक-दोन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डासापर्यंतचा सगळा प्रवास आठ-दहा दिवसांत संपतो. आरोग्य खात्याची माणसं आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा म्हणून घरोघर सांगतात, ते याचसाठी. आठवड्याला एकदा भांडं रिकामं झालं, की अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

इथं एक बारकावा आहे आणि तो पुष्कळ घरांत निसटतो. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही काळी, तिळापेक्षाही बारीक अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. हौदाची, पिंपाची आतली बाजू काथ्याने नाही तर ब्रशने घासलीच पाहिजे, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथं. घासून झाल्यावर ते पाणी गटारात न सोडता कोरड्या जमिनीवर किंवा झाडांच्या मुळाशी ओता.

घरात अळ्या सापडण्याच्या जागा एकदा मोजून बघा. हौद आणि पिंप सगळ्यांना ठाऊक असतात. पण कूलरची टाकी, फ्रीजच्या मागचं पाणी साठणारं ताट, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा जुना टायर, पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं आणि गोठ्यातली डोण यांच्याकडे कुणाचं लक्ष जातं?

दुसरा पाहुणा : लाल अळी

आता ज्या अळीला बघून सगळ्यात मोठी किंकाळी फुटते, तिच्याकडे वळू. नळाखाली बादली लावावी आणि पाण्याबरोबर रक्तासारखी लालभडक, बारीक अळी पडावी! पण गंमत अशी, की ही दिसायला भयंकर असली तरी स्वभावाने गरीब आहे.

ही कायरोनोमस नावाच्या माशीची अळी. माशी दिसते हुबेहूब डासासारखी, संध्याकाळी दिव्याभोवती थव्याने जमते, पण ती चावत नाही. अळीचा लाल रंग हा हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला जो रंग देतो त्याच जातीच्या द्रव्याचा. टाकीच्या तळाच्या गाळात प्राणवायू कमी असतो, तिथं तग धरायला तिला ते उपयोगी पडतं. ही अळी पृष्ठभागावर लटकत नाही, तळाशी गाळात नळी करून राहते आणि पोहताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी अंग मुडपत जाते. एवढ्या खुणेवर ती वळवळ्यांहून वेगळी ओळखता येते.

मग तिला सोडून द्यायचं का? नाही. ती रोग पसरवत नाही, पण एक निरोप मात्र आणते : "बाई, तुमच्या टाकीच्या तळाशी गाळ साचलाय आणि झाकण नीट बसत नाही." हा निरोप ऐकायला हवा. पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनने ही अळी सहसा मरत नाही, त्यामुळे ब्लीचिंग पावडर वाढवत बसू नका. पाण्याला वास मात्र येईल. टाकी रिकामी करा, तळाचा गाळ खरवडून काढा, झाकण घट्ट बसवा, आणि हवेसाठी ठेवलेल्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

मोरीतल्या काळ्या अळ्या

मोरीच्या जाळीपाशी किंवा फरशीच्या सांध्यात राखाडी-काळपट, सेंटिमीटरहूनही लहान अळ्या सरपटताना दिसतात. त्याच मोरीच्या भिंतीवर बदामाच्या आकाराची, केसाळ पंखांची इवलीशी पाकोळी बसलेली असते. ही त्या पाकोळीचीच पिल्लं. साबण, केस आणि मळ यांचा जो बुळबुळीत थर पाइपाच्या आत बसतो, तो खाऊन त्या जगतात. डंख नाही, चावा नाही. फिनेल ओतून त्या दोन दिवस दिसेनाशा होतात आणि पुन्हा हजर, कारण त्यांचं अन्न जागच्या जागी असतं. लांब दांड्याच्या ब्रशने पाइपाचं तोंड आतून घासा. थर गेला की अळ्याही जातात.

हे गांडूळ नव्हे!

पावसाळ्यात मोरीतून आणखी एक पाहुणा येतो. काळसर तपकिरी, चकचकीत, वीतभरही नसलेला. पाहणाऱ्याला वाटतं गांडूळ, पण तो 'वाळा' असतो, म्हणजे एक छोटासा बिनविषारी साप. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि ते चिकट, ओलं असतं. वाळ्याचं अंग कोरडं आणि खवल्यांचं असतं, तो सापासारखा नागमोडी पळतो आणि नीट पाहिलं तर जीभ बाहेर काढतानाही दिसतो. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी हे त्याचं खाणं. घराला वाळवीपासून जपणाऱ्या या जीवाला चपलेने ठेचण्यात काय शहाणपण आहे? केरसुणीने सुपलीत घ्या आणि अंगणात सोडा. यांच्यातल्या साऱ्या माद्याच असतात आणि नराशिवायच त्यांची वीण वाढते, हे ऐकलं की मुलं डोळे विस्फारतात!

गांडुळाबद्दल मी जास्त सांगायला नको. कुंडीत ते निघालं तर माती चांगली आहे असं समजा आणि पुन्हा मातीत सोडा.

काचेच्या पेटीतले किडे

हल्ली आपल्या लहान गावांतूनही दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी दिसू लागली आहे. मुलं हट्ट करतात, वडील पेटी आणतात आणि तिची देखभाल शेवटी आईच्या गळ्यात पडते. महिन्याभरात एक दिवस काचेवर पांढरे, केसासारखे बारीक किडे दिसतात आणि प्रश्न येतो, आता मासे मरणार का?

*पांढरे, सुतासारखे, पाणी हलवलं की नागमोडी पोहणारे* : हे गाळ खाणारे निरुपद्रवी कृमी. उरलेलं अन्न आणि माशांची विष्ठा ते फस्त करतात, म्हणजे तुमची सफाईची बाईच म्हणा ना! ते फार वाढले तर समजावं, की आपण माशांना गरजेपेक्षा जास्त भरवतोय. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला, नळीने तळाचे खडे उपसून घ्या, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. औषध नको.

*चपटा, बाणाच्या टोकासारखं डोकं, दोन ठिपक्यांसारखे डोळे, काचेवरून संथपणे घसरत जाणारा* : हा प्लॅनेरिया. मोठ्या माशांना त्याचा त्रास नाही, पण अंडी आणि लहान कोळंबी यांच्यावर तो ताव मारतो. याला ब्लेडने काचेवरच कापू नका. त्याच्या प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होतो! रात्री छोट्या बाटलीत मटणाचा किंवा माशाचा बारीक तुकडा घालून ती पेटीत ठेवा आणि सकाळी बाटली बाहेर काढा. पाहुणे आत जमलेले असतील.

*दोन्ही टोकांना चूषक असलेली, टोक टेकवत टेकवत चालणारी* : ही जळू. बहुधा तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर येते. चिमट्याने काढून टाका.

*माशाच्या गुदद्वारातून बाहेर आलेले लाल धागे* : हे मात्र खरं संकट. हा आतड्यातला कृमी आहे. तो मासा ताबडतोब वेगळ्या भांड्यात काढा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कृमीचं औषध द्या. बाकीच्या माशांवरही नजर ठेवा.

*माशाच्या अंगात रुतलेली, बाहेर लोंबणारी काडी* : इंग्रजीत याला नाव नांगर-किड्याचं, पण जात झिंग्याची! हा कृमी नसून कवचधारी परजीवी आहे. यालाही वेगळा उपचार लागतो.

बाजारातून माशांचं खाद्य म्हणून आणलेल्या लाल किड्यांच्या गुच्छाबद्दल एक सूचना. ट्यूबिफेक्स नावाचे हे कृमी घाण पाण्याच्या चिखलात वाढतात. ते स्वच्छ पाण्यात पुष्कळदा धुतल्याशिवाय घालू नका, त्यांच्याबरोबर रोगही घरात येतात.

खाऱ्या पाण्याची पेटी

तुमच्यापैकी काहींची मुलं-सुना मुंबई-पुण्याला किंवा परदेशी असतील आणि त्यांच्या घरी समुद्राच्या पाण्याची, प्रवाळांची पेटी तुम्ही पाहिली असेल. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तेव्हा आपल्या कितीतरी लोकांनी समुद्रातले रंगीत मासे जिवंत असे पहिल्यांदा तिथंच पाहिले. आता तसा इवला समुद्र काहीजण घरात ठेवतात. तिथंही हाच प्रश्न असतो. खडकाच्या भेगांतून रात्री बाहेर येणारा हा किडा कोण?

गुलाबी-करडा, बाजूंना पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची रांग असलेला किडा बहुधा काट्यांचा, म्हणजे 'ब्रिसल वर्म'. तो उष्टं-खरकटं खाणारा सफाईगार आहे, त्याला राहू द्यावं. फक्त उघड्या हाताने धरू नये. त्याचे केस निवडुंगाच्या कुसळांसारखे कातडीत घुसतात आणि आग होते. चिकटपट्टी लावून ओढली की ते निघतात. त्याचाच भाऊबंद 'अग्निकिडा'. अंगाने जाडजूड, झुपके भरघोस, रंग भडक. आणि मुख्य खूण अशी, की तो *जिवंत, निरोगी* प्रवाळावर बसून ते खाताना दिसतो. मेलेल्यावर बसलेला सफाईगार, जिवंतावर बसलेला चोर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नळीतून पिसाऱ्यासारखा तुरा बाहेर काढणारा, सावली पडताच आत ओढून घेणारा कृमी पाणी गाळून अन्न खातो. तो पेटीची शोभा आहे. वाळूवर शेवयांसारखे लांब धागे पसरणाराही भला. काचेवर चिकटलेले पांढरे, बारीक, शंखासारखे वेटोळे दिसले तर तेही निरुपद्रवी. गंजलेल्या रंगाचे, मागे दोन टोकं असलेले चपटे किडे मात्र वाढू देऊ नयेत. आणि एकदम औषध घालून मारूही नयेत, कारण ते शेकड्यांनी मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरून मासे दगावतात. आधी नळीने शक्य तेवढे ओढून काढावेत, मग औषध, मग पाणीबदल.

या दुनियेतला खरा दरोडेखोर म्हणजे 'बॉबिट' किडा. २००९ साली इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या मत्स्यालयात प्रवाळ कुरतडलेले आणि मासे जखमी झालेले आढळू लागले. चोर सापडेना. शेवटी पेटीतले खडक एकेक करून उचलले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा, इंद्रधनुषी चकाकीचा किडा बाहेर निघाला! खडकाबरोबर तो लहान असतानाच आत आला असावा. आपल्या हौदासारखंच झालं की! पाहुणा आत येतो तेव्हा इवलासाच असतो, वाढतो तो आपल्या दुर्लक्षावर.

जाता जाता, मालवणला गेलात तर तिथल्या समुद्रातला प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला खडक आठवण म्हणून उचलून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो जिथं आहे तिथंच शोभतो.

आणि एक वैरी, जो आपण हरवला

आता ज्याची आठवण काढली की आजही जुन्या बायका पायाकडे बघतात, त्या किड्याविषयी. नारू! कानडी मुलखात 'नारूहुण्णू'. तरुण मैत्रिणींना हे नाव ठाऊकही नसेल, आणि ठाऊक नसावं यातच आपला विजय आहे.

पायऱ्यांची विहीर, बारव किंवा तळं यांच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटात नारूचं पिल्लू. तहानलेला माणूस ते पाणी न गाळता पिई, आणि सुमारे वर्षभर त्याला काही कळत नसे. मग एक दिवस पायावर आग आग होणारा फोड येई, फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर येई. हा दोरा हातभरापेक्षाही लांब, कधी मीटरभर. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागे, आणि यात आठवडेच्या आठवडे जात. मध्येच तुटला तर पाय सुजे, पिके. कापणीच्या ऐन दिवसांत घरातलं कमावतं माणूस खाटेवर! आणि आग शमवण्यासाठी त्याने पाय विहिरीच्या पाण्यात बुडवला, की किडा त्या पाण्यात हजारो पिल्लं सोडी. पुन्हा तेच चक्र.

याच्यावर ना लस निघाली, ना रामबाण औषध. तरीही आपण त्याला हरवलं. १९८३-८४ साली देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता, कर्नाटकही होतं. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पायऱ्या बंद केल्या, हातपंप आले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध माफक प्रमाणात टाकलं गेलं, नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही. आणि घरोघर बायकांनी एक काम केलं : पाणी दुहेरी कापडाने गाळलं. बस्स! सायक्लॉप्स कापडावर अडकला आणि साखळी तुटली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. २०२४ सालच्या अख्ख्या वर्षात जगभर मिळून अवघे १५ रुग्ण आढळले.

घागरीच्या तोंडावर पदराच्या जुन्या तुकड्याची गाळणी बांधणाऱ्या आपल्या आयाबायांचा या यशात केवढा वाटा आहे! तो फारसा कुठे लिहिला गेला नाही, म्हणून इथं लिहिते.

न दिसणारा वैरी

आता जंतांचं. पोटातले जंत हौदातल्या अळीपासून होत नाहीत. त्यांची अंडी असतात मातीत, आणि तीही डोळ्यांना न दिसणारी. उघड्यावर शौचाला बसल्याने ती मातीत मिसळतात, आणि न धुतलेल्या भाज्या व न धुतलेले हात यांच्यातून तोंडात जातात. अंकुशकृमीचं पिल्लू तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतं. म्हणून हात साबणाने धुणं, नखं कापणं, कोथिंबीर-मेथी चार पाण्यांतून काढणं, मुलांच्या पायांत चपला घालणं ही खरी जंतांवरची औषधं. शिवाय २०१५ पासून दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी मोफत दिली जाते. "आमच्या बाळाला नको" म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कॉलरा, कावीळ, टायफॉईड यांचे जंतूही दिसत नाहीत. म्हणजे पाण्यात किडा दिसला नाही म्हणून पाणी शुद्ध, असं नव्हे. आणि लाल अळी दिसली म्हणून ते विष, असंही नव्हे. प्यायचं पाणी गाळून आणि उकळून घ्यावं, याला पर्याय नाही. तुरटीने गाळ बसतो, अळ्या मरत नाहीत.

हे मात्र कधीही करू नका

आमच्या भागात घरोघर तूर, म्हणून घरोघर फवारणीच्या औषधाची बाटलीही. ओळखीतल्या एका घरी जनावरांच्या डोणीत वळवळे झाले म्हणून त्या बाटलीतले 'चार थेंब' टाकण्याचा बेत ठरला होता. सासूबाईंनी वेळेवर हात धरला म्हणून दावणीच्या म्हशी वाचल्या. शेतातलं औषध घरातल्या कुठल्याही पाण्यात, अगदी गुरांच्या पाण्यातही, थेंबभरसुद्धा टाकायचं नाही. फिनेल आणि रॉकेलही नाही. आरोग्य कर्मचारी साठवणीच्या पाण्यात जे औषध टाकतात ते मोजून टाकतात. ते आपण आणून अंदाजाने टाकू नये. डबक्याच्या, कुणीही न वापरायच्या पाण्यावर जळक्या तेलाचे थोडे थेंब सोडले, तर तवंगामुळे अळ्यांची श्वासनळी बंद होते. पण ते फक्त डबक्यापुरतं.

सहसा रिकामे करता येत नाहीत असे मोठे हौद आणि डोण यांसाठी गप्पी मासे उत्तम. हिवताप विभागाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. या नावाचा आपल्या गप्पांशी संबंध नाही बरं का! त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थावरून ते पडलं. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा हा मासा थेट पिल्लं देतो, अळ्या आवडीने खातो आणि थोड्या पाण्यातही तगतो. फक्त नदी-तलावात सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना तो त्रासदायक ठरतो.

पाच प्रश्न

किडा दिसला की हे पाच प्रश्न विचारा. पाच मिनिटं पुरतात.

१. कुठं आहे? पृष्ठभागावर लटकलेला असेल तर डासाची अळी. तळाच्या गाळात असेल तर बहुधा लाल अळी किंवा गाळातला कृमी.

२. चाल कशी? झटके देत, आठच्या आकड्यात, घसरत, की टोक टेकवत?

३. डोकं वेगळं दिसतं का? दिसलं तर बहुधा अळी, आणि ती उडून जाणार.

४. काय खातोय? उष्टं, की जिवंत मासा वा प्रवाळ?

५. आला कुठून? उघडं झाकण, साचलेला गाळ, जास्तीचं खाणं, की बाहेरून आणलेली वनस्पती? उपाय इथंच असतो.

सुटीच्या दिवशी मुलांना एक प्रयोग जरूर करू द्या. मी शाळेतल्या मुलांकडून तो दरवर्षी करून घेते. काचेच्या बरणीत वळवळे असलेलं पाणी घ्या, तोंडाला मलमलचं फडकं दोऱ्याने घट्ट बांधा आणि खिडकीत ठेवा. चार-सहा दिवसांत मुलांना अळी, कोष आणि फडक्याच्या आत बसलेला डास असे तिन्ही अवतार बघायला मिळतात. फडकं न सोडता वरूनच उकळतं पाणी ओतून प्रयोग संपवा. ज्या मुलाने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला हौदाचं झाकण लाव म्हणून पुन्हा सांगावं लागत नाही. उलट झाकण उघडं राहिलं तर तोच आपल्याला रागावतो!